खिडकीतला पेला

धरणाच्या पायथ्याशी रोज सकाळी एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसे. हातात काचेचा पेला. जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याखाली तो पेला धरायचा, भरला की बाजूच्या सपाट दगडावर ठेवायचा आणि शेजारी बसून राहायचा. पाणी निवळायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग पेला उजेडासमोर धरायचा, तळ बघायचा, पाणी ओतून द्यायचा आणि गुडघ्यांवर हात टेकत उठायचा. यावरूनच त्याचं नाव पडलं, पेलेवाला. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं, आणि बँकेतला माणूस सोडला तर ते कोणी उच्चारत नसे.

धरण लहानसंच, मातीचं. कापडाच्या गिरणीला पाणी लागायचं म्हणून कधीकाळी भराव टाकून, वरून रूळ फिरवून केलेलं. गिरणी बंद पडून जमाना झाला. तिची यंत्रं गेली, भोंगा गेला, दारं-खिडक्यासुद्धा लोकांनी उचकटून नेल्या. धरण तेवढं भंगारात घालता येईना म्हणून राहिलं. गिरणीच्या मालकांनी ते नगरपालिकेच्या गळ्यात बांधलं, पालिकेने पाणी खात्याकडे ढकललं, खात्याने परत पालिकेकडे. पिण्याचं पाणी लांबच्या मोठ्या धरणातून नळाने यायला लागल्यावर तर या पाण्याची कोणालाच गरज उरली नाही. तरी ते साठतच राहिलं. पाण्याला कोणी सांगितलं नव्हतं की आता तुझं काम संपलं.

पेलेवाल्यालाही तसं नीट कोणी सांगितलं नाही. तो धरणाच्या गेटवरचा माणूस, पाणी सोडायचं-अडवायचं काम त्याचं. तरुणपणी लागला, म्हातारा होऊन निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही. धरणाच्या एका टोकाला टेकाडावर त्याची खोली होती. ती कोणी मागितली नाही, त्याने सोडली नाही. एक खाट, एक स्टो, भिंतीवर बायकोचा फोटो, आणि खिडकीतून दिसणारं ते सपाट, रिकामटेकडं पाणी.

मातीचं धरण पाझरतंच, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. पाझर स्वच्छ आहे तोवर ते नुसतं घाम गाळतंय असं समजायचं. पाणी गढूळ यायला लागलं, की ते एकटं येत नाहीये, आतून थोडं थोडं धरण बरोबर घेऊन येतंय. एवढ्यासाठी तो पेला.

पायथ्याखाली गिरणी कामगारांची जुनी आळी होती. समोरासमोर दोन रांगा, मध्ये फरशीची गल्ली. रांगेतलं पहिलं घर त्याच्या मुलीचं, आणि घरातच तिची लाँड्री. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून कधीतरी घरी उगवायचा. मुलगी घरामागच्या आडात उतरणाऱ्या पाझराच्या पाण्यावर आख्ख्या शहरातल्या हॉटेलांच्या चादरी धुवायची. फुकटचं पाणी, बारमाही, आणि इतकं मऊ की साबण निम्मा लागायचा. घराच्या मागे दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी फडफडत, आणि त्यांच्या मागे हिरव्या गवताचा धरणाचा उतार सरळ आभाळात चढत गेलेला. लांबून बघणाऱ्याला ते चित्र फार शांत वाटे.

पावसाळा उतरणीला लागला होता, तलाव काठोकाठ होता, त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी पेल्याच्या तळाशी काहीतरी बसलं. बोटाने पुसलं असतं तर गेलं असतं, एवढंच. साय धरावी तसा मातकट पापुद्रा. पेलेवाल्याने पाणी ओतलं, पेला सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत भरला. परत तेच.

नात शाळेच्या कपड्यांत येऊन शेजारी उभी होती. तिला हा खेळ ठाऊक होता.

"आजोबा, आज पाणी पास का नापास?"

त्याने पेला परत उजेडासमोर धरला.

"नापास वाटतं," ती म्हणाली. "मग आता त्याच्या आईला बोलवा शाळेत."

तो हसला. पण पेला तिसऱ्यांदा भरला.

मुलीला सांगायला गेला तेव्हा ती इस्त्री करत होती. घरभर वाफ, गरम कापडाचा वास. तिने मान वर केली नाही.

"गढूळ म्हणजे किती गढूळ?"

"कमी आहे अजून."

"मग?"

"कमी आहे म्हणूनच सांगतोय. जास्त झाल्यावर सांगायला वेळ मिळत नाही."

"बाबा," ती चादरीची घडी घालत म्हणाली, "त्या वर्षीही तुम्ही असंच म्हणाला होता."

त्या वर्षाचा विषय आळीत कोणी काढत नसे, आणि विसरलंही कोणी नव्हतं. असाच भरलेला तलाव, वरून पावसाची झोड. पेलेवाल्याने घराघरांत जाऊन माणसं बाहेर काढली होती, सगळी आळी टेकाडावरच्या शाळेत नेऊन झोपवली होती. ओल्या फरशीवर, गळक्या छपराखाली. धरण फुटलं नाही. लोक परत आले तर चादरी कुजल्या होत्या, गिऱ्हाइकं तुटली होती. आणि समोरच्या सुताराच्या वडिलांना शाळेत जो गारठा बसला तो छातीत उतरला. ते परत उठले नाहीत. सुताराने त्यावर चकार शब्द काढला नाही. उलट, पुढच्याच आठवड्यात पेलेवाल्याच्या खाटेचा मोडका पाय स्वतः येऊन बसवून दिला. तो पाय आजही करकरत नव्हता, आणि रात्री कूस बदलताना पेलेवाल्याला त्याच न होणाऱ्या आवाजाने जाग यायची.

धरण त्या वर्षी फुटलं नाही, कारण सगळे शाळेत असताना त्याने गेट पूर्ण उघडून पाणी उतरवलं होतं. हे त्याने एकदोघांना सांगून पाहिलं. "असेल, असेल," ते म्हणाले. घडलंच नाही त्याचं श्रेय माणूस कसं मागणार?

आता ते गेटही उघडत नव्हतं. चाकाचा दांडा वाकला होता, खाली गाळ भरला होता. निवृत्त झाल्यावरही तो त्याला ग्रीस लावायचा. मग ग्रीस संपलं.

तो खात्याच्या कचेरीत गेला. तिथली इंजिनिअर बाई वयाने मुलीएवढीच. तिने त्याला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर स्वतः आली. चपला काढून पाझरापाशी चिखलात गुडघे टेकून बसली. त्याने पेला भरून दगडावर ठेवला. दोघं बाजूबाजूला बसून पाणी निवळायची वाट बघत राहिले, दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे.

तिने पेला उजेडासमोर धरून तळ पाहिला.

"आतून नळी पडत चाललीय, पाणी माती पोखरत वाट करतंय," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे ते."

"माहीत असून काय करू?"

"तलाव उतरवायला हवा. गेट चालत नाही म्हणजे पंप लावून. आणि इथे तोंडावर वाळू, वाळूवर खडी. पाणी वाहू द्यायचं, माती धरून ठेवायची."

"मग पाठवा पंप."

तिने हात रुमालाला पुसले. "काका, मी आजच वर लिहिते. पण खरं सांगू? वरचे आधी विचारतील, हे धरण कोणाचं. ते ठरेपर्यंत पंप कोणी देणार नाही. मला एक फलक लावता येतो, तो मी उद्याच लावते. आणि लोकांना म्हणावं, इथून हला."

"माझं ऐकून एकदा हलले होते."

"ऐकलंय मी ते," ती म्हणाली, आणि तिची नजर सुताराच्या घराकडे गेली. म्हणजे ती गोष्ट कचेरीपर्यंत पोचली होती.

फलक खरंच लागला. लाल अक्षरांत 'धोका'. चार दिवसांत त्याच्या खांबाला कोणीतरी दोरी बांधली आणि दोरीवर उशांचे अभ्रे वाळायला लागले. ते त्याच्या मुलीचेच होते.

तरी पेलेवाल्याने सगळा धीर गोळा करून आळीत दारोदार सांगितलं. कोणी त्याला हिडीसफिडीस केलं नाही. चहा दिला. "बघू," म्हणाले. "भाड्याने कुठे घर मिळतं हो हल्ली?" म्हणाले. एका म्हातारीने विचारलं, "तुम्ही रोज जाता ना तिकडे? मग झालं तर." त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो रोज पायथ्याशी बसला ते धरणाची नाडी बघायला. आणि घराच्या खिडकीतून त्याची बसलेली पाठ बघून आळी निर्धास्त होत होती.

फक्त सुतार वेगळं बोलला. रंधा बाजूला ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमची खात्री आहे?"

"तेव्हाही होती."

सुतार हसला, चेहऱ्याने नाही, नाकाने. "तेव्हा ऐकलं. आताही ऐकतो. दोनदा खोटं बोलण्याएवढे हुशार तुम्ही नाही." मग आत बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, तुझ्या भावाला विचार, त्याची गोदामाची जागा रिकामी आहे का."

त्या संध्याकाळी पेलेवाला टेकाड चढताना मध्ये बसला नाही. एक घर हललं की शेजारचं हलतं, मग पलीकडचं. सुताराच्या शब्दाला वजन होतं. सुतार गेला तर मुलगीही जाईल. असा हिशोब त्याने मनाशी मांडला, आणि कित्येक दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी तो वाळूचं विचारायला कचेरीत गेला. बाई कुठल्याशा बैठकीला बाहेर होती. दुपारपर्यंत बाकावर बसून तो परत आला. पायथ्याशी आळीतली माणसं जमली होती. हातापायांना सिमेंट, चेहऱ्यावर घाम आणि आनंद. पाझर होता तिथे सिमेंटचा गुळगुळीत चौथरा झाला होता. कोणीतरी त्यावर ओंजळभर पाणीही शिंपडलं होतं, तडे जाऊ नयेत म्हणून.

"काका, तुमची काळजी मिटवली बघा," एक जण म्हणाला. "सगळ्यांनी मिळून पोती आणली. ठासून भरलंय. आता थेंब येणार नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? गळतंय तिथे बुजवायचं."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. किती प्रेमाने केलं होतं. त्याच्यासाठी केलं होतं. बिचारा म्हातारा रोज काळजी करतो म्हणून.

"फोडा हे," तो म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

"अरे, बाहेर यायला वाट होती त्याला. ती बंद केलीत. आता ते आत दुसरी वाट करेल, आणि ती कुठे निघेल ते आपल्याला दिसणारही नाही. फोडा."

हसू हळूहळू मावळलं. ज्याने पोती आणली होती तो म्हणाला, "काका, काही केलं तरी तुमचं समाधान नाही. गळलं तरी रडता, थांबलं तरी रडता." आणि हात झटकत निघून गेला. बाकीचेही पांगले. पेलेवाल्याने सुताराच्या घरून पहार आणली आणि एकट्याने घाव घालून पाहिले. सिमेंट चांगल्या प्रतीचं, लगेच घट्ट होणारं होतं. कपचीसुद्धा निघाली नाही, आणि पाचसहा घावांनंतर त्याचेच खांदे निघून यायची वेळ आली. सुतार बाहेर आला, पहार हातात घेतली, त्यानेही मारून पाहिली.

"आतून पाणी दाबतंय का?" सुताराने विचारलं.

"हो."

"मग फोडलं आणि भसकन आलं तर?"

पेलेवाल्याने चौथऱ्यावर तळवा टेकवून पाहिला. पहिल्या तासात फोडलं असतं तर वेगळं. आता त्यालाही खात्री नव्हती. दोघं पहार मध्ये धरून उभे राहिले. मग सुतार म्हणाला, "परवा सामान हलवतो," आणि पहार घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरात, इस्त्रीच्या टेबलाखालची फरशी ओली झाली.

तिला वाटलं बादली हिंदकळली. पुसलं, परत ओली. फरशीच्या सांध्यातून पाणी बारीक झिरपत वर येत होतं. पेलेवाला गुडघ्यांवर वाकला, बोट लावून जिभेवर टेकवलं. मातीची चव. त्याने पेला आडवा लावून थोडं थोडं पाणी गोळा केलं आणि टेबलावर, घड्या घातलेल्या चादरींच्या शेजारी ठेवला. तळाशी पापुद्रा नव्हता आता. चांगला बोटाच्या पेराएवढा गाळ होता.

"हे बघ," तो म्हणाला. "आता तरी बघ."

मुलगी बघत राहिली. घाबरली होती हे त्याला दिसत होतं. पण घाबरलेलं माणूस हलतंच असं नाही.

"कुठे जाऊ?" ती म्हणाली. "हे तुम्ही दोघं कधीच सांगत नाही. तुम्ही नाही, तुमची ती बाई नाही. पाणी नळाचं घ्यायचं म्हटलं तर एका चादरीला काय सुटेल मला? हे घर सोडलं तर घर जात नाही नुसतं, माझे हात जातात."

"वर माझ्या खोलीत या. दोघी."

"आणि इथला माल? हॉटेलवाल्यांचा? त्या वर्षी कुजला तेव्हा परत उभं राहायला किती वर्षं लागली, तुम्ही पाहिलंत ना."

"मग पोरीला तरी दे माझ्याबरोबर."

नात दप्तर पोटाशी धरून दारात उभी होती. "मी आईपाशीच झोपणार," ती म्हणाली.

"ऐकलंत," मुलगी म्हणाली. मग आवाज उतरवून, "बाबा, तुम्ही वर झोपता आणि आम्हाला खाली भीती दाखवता. वरून बोलणं सोपं असतं."

हे तिने रागात म्हटलं होतं. तासाभराने तिला वाईट वाटलं असतं. पण ते त्याला लागायचं तिथे लागलं. कारण ते खरं होतं. तो टेकाडावर होता. धरण गेलं तर त्याची खाट कोरडी राहणार होती. करकरत नसलेल्या पायाची ती खाट. वर खिडकीत उभं राहून त्याला सगळं दिसणार होतं. पांढऱ्या चादरीसुद्धा.

तो वर गेला. बायकोचा फोटो उतरवला, अंथरुणाची वळकटी केली, ती खांद्यावर टाकली, पेला खिशात घातला आणि उजेड असतानाच टेकाड उतरून गल्लीत आला. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की तिच्या बोलण्यातला तेवढा खरेपणा काढून घ्यायचा. एकदा तिच्या शेजारी झोपला की म्हणता येईल, आता सांग, आता मी खालून बोलतोय. मग कदाचित ऐकेल.

गल्लीत सगळी दारं उघडी होती. लोकांनी त्याला येताना पाहिलं. वळकटी पाहिली, फोटो पाहिला.

"काय काका, मुक्काम खाली?"

"हो."

"कायमचा?"

"बघू," तो म्हणाला.

मुलीने इस्त्रीचं टेबल भिंतीला सरकवून त्याच्यासाठी जागा केली. ओल्या फरशीवर गोणपाट टाकलं. नातीने फोटोसाठी खिळा शोधून आणला. जेवताना तो बोलला, खालून बोलला. मुलीने मान हलवली. "हे येऊ देत," ती म्हणाली, म्हणजे नवरा. "आल्यावर ठरवू." तो कधी येणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. मग ती जराशी हसली आणि म्हणाली, "तुम्ही इथे आहात तर बरं वाटतंय. आज मला झोप लागेल."

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

सकाळी सुताराच्या दारात हातगाडी उभी होती. तिच्यावर लाकडी कपाट, रंधे, करवतींची पेटी, बांधून तयार. सुतार दोरी सोडत होता.

पेलेवाला दारात आला. "निघालात?"

"नाही," सुतार म्हणाला. "राहतोय."

"का?"

सुताराने दोरीची गुंडाळी करत त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू प्रश्न वेडगळ आहे. "तुम्ही स्वतः खाली झोपायला आलात. फोटोसकट. म्हणजे काहीतरी बघूनच आला असाल ना. उगाच कशाला मेव्हण्याच्या दारात जायचं?"

"मी त्यासाठी नाही आलो. माझी पोरगी हलत नाही म्हणून आलो. धरण जाणार आहे, तुम्ही जा."

"जाणारच असतं तर पोरीला फरफटत नेली असती तुम्ही. मी बाप असतो तर नेली असती." तो कपाटाला हात घालत होता. "आत चला, पलीकडून धरा जरा. जड आहे."

पेलेवाल्याने तोंड उघडलं. म्हणायला शब्द होते. काल होते, त्या वर्षी होते, अजूनही होते. पण सुतार कपाट उचलून त्याच्या धरण्याची वाट बघत होता. एका बाजूने तोललेलं ते कपाट डुगडुगत होतं, बाजूला नात उभी होती, तिच्या अंगावर पडलं असतं. त्याने हात लावला. दोघांनी मिळून ते परत घरात नेलं, जिथे होतं तिथे ठेवलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा जुना डाग होता, त्यात ते बरोबर बसलं.

घरी येऊन त्याने गोणपाट उचललं. पाणी वाढलं होतं. त्याने पेला भरला, आणि लोकांना येता-जाता दिसावा म्हणून रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवला. खाली गाळ, वर गाळासारखंच पाणी. निवळायचं नाव नाही. कोणीही थांबून पाहिलं असतं तर कळलं असतं.

माणसं कामावर निघाली होती. ती म्हातारी गेली, पोती आणणारा गेला. जाताना एकेकाची नजर खिडकीकडे वळली. पेला दिसला, पेल्यामागे तो बसलेला दिसला. म्हातारीने हात वर केला. पोतीवाला परवाचा राग विसरून म्हणाला, "लक्ष आहे ना काका? असू द्या, असू द्या," आणि पुढे गेला.

मुलीने आत इस्त्री तापत घातली. समोरच्या घरात सुतार काढलेल्या फळ्या परत भिंतीला ठोकत होता. एकेका खिळ्यागणिक खिडकीतल्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं आणि परत स्थिर होत होतं.